घरातला ड्रम आणि दोन माइकांचा हिशेब

हिंगोलीतील आमच्या घराची रचना जुन्या व्यापारी घरांसारखीच आहे. पुढे आडत दुकान, मागे गोदाम आणि वर राहती जागा. हळदीच्या हंगामात काट्यावर पोते पडल्याचा आवाज, हमालांच्या हाका आणि ट्रकचे भोंगे वरपर्यंत येत असतात. या सर्व नादात तीन वर्षांपूर्वी आणखी एकाची भर पडली. माझ्या पुतण्याने ड्रम सेट आणला आणि वरच्या मागील खोलीत मांडला.

त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, यांनी त्या वाद्याला कधी वाद्य म्हटले नाही. त्यांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख 'ते सामान' असाच होई. मुलगा बारावी झाला, पेढीवर बसू लागला, हिशेबात चोख निघाला, त्यामुळे बंधूंची उघड तक्रार नव्हती. परंतु संध्याकाळी वरून ठोके सुरू झाले की ते चष्मा काढून ठेवीत आणि काही वेळ वही मिटून बसत.

या वर्षी पुतण्याने बाहेरगावच्या एका संगीत महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. पहिल्या फेरीसाठी तीन रचनांचे मुद्रण मागविले होते. प्रत्येक रचना सलग वाजवलेली असावी, मध्ये काटछाट नसावी, हात दिसावेत आणि प्रत्येक वाद्य स्पष्ट ऐकू यावे, अशा अटी होत्या. मुदत एका महिन्याची होती. त्याने प्रथम मोबाइलवर मुद्रण केले. ऐकले तेव्हा झांजांचा किणकिणाट तेवढा वर आलेला, पायाचा ढोल जवळजवळ नाहीसा, आणि हलका ठोका व जोराचा ठोका सारखेच. मोबाइलमधील माइक बोलण्यासाठी बनविलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबतो आणि लहान आला की वर उचलतो. बोलण्याला हे सोयीचे असते. तालवाद्याचा मात्र प्राणच त्यामुळे जातो.

मग पुतण्याने खरेदीची यादी केली. आठ माइक, आठ तारा, आठ स्टँड आणि आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस. बंधूंनी ती यादी उधारीवर माल मागणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचावी तशी वाचली आणि म्हणाले, "याचा आवाज सगळ्या गल्लीला फुकट ऐकू येतो. तो घरात विकत कशाला घ्यायचा?" नंतर यादी माझ्याकडे आली. मंडळाच्या कार्यक्रमांचे आणि आमच्या आईने म्हटलेल्या स्तवनांचे मुद्रण करण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी दोन इनपुटांचा एक लहान इंटरफेस आणि दोन माइक घेतले होते. मी पुतण्याला म्हणालो, "जे घरात आहे त्यावर आधी पंधरा दिवस काढू. नाही जमले तर तुझ्या बाबांशी मी बोलतो." त्या पंधरा दिवसांत जे शिकलो ते या महिन्याच्या सदरात मांडतो आहे, कारण आता अनेक घरांत गिटार, कीबोर्ड, ड्रम आले आहेत आणि हाच प्रश्न आज ना उद्या तेथेही येईल.

अडचण नेमकी कोणती?

ड्रम सेट हे एक वाद्य म्हणून ओळखले जात असले तरी तो सात-आठ वाद्यांचा परिवार आहे. पायाने वाजणारा बास ड्रम, मांड्यांच्या मध्ये येणारा स्नेअर, दोन-तीन टॉम, पायाने उघडमीट होणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी, आणि वर टांगलेल्या दोन-तीन मोठ्या झांजा. मोठ्या स्टुडिओत यातील जवळजवळ प्रत्येकासमोर वेगळा माइक असतो आणि प्रत्येकाचा आवाज संगणकात वेगळ्या मार्गिकेवर उतरतो. वादन संपल्यावर कोणाला किती वर, कोणाला किती खाली ठेवायचे हे निवांत ठरविता येते. इंटरफेसला जितकी इनपुटे तितके माइक एकाच वेळी स्वतंत्रपणे नोंदविता येतात. आमच्याकडे दोन होती, म्हणजे आठ खात्यांचा व्यवहार दोन खात्यांत नोंदवायचा होता.

मध्ये लहान मिक्सर जोडून चार-सहा माइक दोन इनपुटांत ओतता येतात. तसेच पाय आणि स्नेअर आधी वाजवून, झांजा नंतर वेगळ्या वाजवूनही मुद्रण करता येते. परंतु मिक्सरमध्ये एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे काढता येत नाही, आणि तुकड्यातुकड्याने वाजविण्यात वादकाच्या चारही अवयवांची एकत्र चाल मोडते. आमच्या बाबतीत तर सलग वादनाची अटच होती.

हे वाद्यच काटकसरीतून जन्मले

पुतण्याला आठ माइकांशिवाय ड्रमचे मुद्रण म्हणजे अर्धवट काम वाटत होते. म्हणून मी त्याला या वाद्याचा थोडा इतिहास सांगितला.

आपल्या हिंगोलीत १९०३ पर्यंत निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटण म्हटली की कवायतीचा ढोल आला. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, लहान ड्रम दुसरा आणि झांजा तिसरा. अमेरिकेत हीच वाद्ये नाटकगृहांत आणि नाचगाण्याच्या ठिकाणी आली तेव्हा तिघांना बसायला जागा नव्हती आणि तिघांची बिदागी देण्याची मालकांची तयारीही नव्हती. तेव्हा एकाच वादकाने तिन्ही कामे करावीत म्हणून पायाने ढोल वाजविण्याच्या युक्त्या निघाल्या. १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी चटकन मागे येणारे पेडल बनविले आणि आजचा ड्रम सेट खऱ्या अर्थाने उभा राहू लागला. तीन माणसांचे काम एकाने करणे हाच या वाद्याचा मूळ हिशेब आहे.

मुद्रणाची कथाही तशीच. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माइक रूढ होण्यापूर्वी सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवीत आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई तबकडीवर रेघ कोरी. ढोलाचा जोरदार ठोका बसला की सुई उडण्याची भीती असे. १९२३ मध्ये अमेरिकेतील रिचमंड या गावी किंग ऑलिव्हर यांच्या जॅझ पथकाचे मुद्रण झाले, तेव्हा ड्रमवादक बेबी डॉड्स यांना मोठे ड्रम बाजूला ठेवून मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. त्याच पथकातील तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचे वादन इतके दमदार होते की त्यांना इतरांपासून बरेच दूर उभे केले गेले. इनपुट म्हणाल तर एक कर्णा. आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी नाही. तोल साधायचा तो केवळ अंतराने.

आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. सुरुवातीच्या बोलपटांत नट स्वतः गात आणि साथीदार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत. पुढे पार्श्वगायन आले, स्टुडिओ आले, तरी गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी एकाच दालनात वाजवी. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने जो नाचरा ठेका घराघरांत पोहोचविला, तो याच पद्धतीचा काळ. माइक मोजके असत. कोणी माइकपासून किती लांब बसायचे हे तालमीत ठरे, ध्वनिमुद्रक तोल जागच्या जागी साधी आणि एकाची चूक झाली की सर्वांनी पहिल्यापासून वाजवायचे. लंडनमध्ये ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी एका दिवसात आपल्या पहिल्या दीर्घ तबकडीची दहा गाणी मुद्रित केली, ती दोनच मार्गिकांच्या यंत्रावर.

पुतण्याला सर्वांत भावले ते १९७१ चे उदाहरण. लेड झेपेलिन या इंग्रज पथकाचे ड्रमवादक जॉन बोनहॅम यांचा सेट हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या उंच दिवाणखान्यात जिन्याच्या तळाशी मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी जिन्याच्या वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले. त्या दोन माइकांत उतरलेला आवाज आज पन्नास वर्षांनंतरही जगभरचे ड्रमवादक आदर्श मानतात. "काका, जिना आपल्याकडेही आहे," पुतण्या म्हणाला. आम्ही तेथूनच सुरुवात केली.

खोली हे न दिसणारे वाद्य

जिन्याचा प्रयोग फसला. आमचा जिना अरुंद, त्याला फरशी, भिंतींना तेलरंग. पुतण्याची रचना जलद लयीची होती. एक ठोका भिंतींवरून परत येईपर्यंत दुसरा पडलेला असे आणि सगळ्याचा काला होई. बोनहॅम यांची ती रचना संथ होती. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत घुमारा सामावत होता.

वरच्या खोलीतही जमले नाही. वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, दोन खिडक्यांना काचा. अशा खोलीत झांजेचा आवाज काचेसारखा टोचतो. जुन्या माळवदाच्या घरांत माती, लाकूड आणि शेणाने सारवलेली जमीन आवाज पिऊन टाकीत; आजच्या पक्क्या घरांत तो टाळी वाजविल्याबरोबर परत येतो. कोणत्याही खोलीत मुद्रणापूर्वी मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणीत शेपूट ऐकू आले, तर माइक कितीही चांगला असो, तो ते शेपूट नोंदवणारच.

शेवटी आम्ही गोदामात आलो. तीन बाजूंना हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या. त्यांच्या उंचसखल, खरबरीत अंगावरून आवाज सरळ परत येत नाही. चौथी भिंत उघडी होती. तेथे पेढीवरच्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. गादी भिंतीला चिकटवून न लावता मागे वीतभर मोकळी जागा ठेवली, तर ती खालचा, भरीव आवाजही अधिक शोषते. ड्रमखाली जाजम अंथरले, त्यामुळे सेट पुढे सरकेना आणि जमिनीवरून परतणारा आवाजही मंदावला. या सर्वांसाठी नवा खर्च शून्य होता.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. गाद्या खोलीच्या आतील घुमारा कमी करतात. आवाज शेजाऱ्यांकडे जाण्यापासून थांबवीत नाहीत. त्यासाठी जाड भिंत आणि फटी नसलेली दारे-खिडक्या लागतात. आमच्या गोदामाची दगडी भिंत दोन फुटी आहे म्हणून निभावले.

सुतळी आणि जमा-नावे

आता दोन माइक कोठे लावायचे? दोन मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे दोन्ही माइक वर. एक स्नेअरच्या सरळ वर, ड्रमच्या दोन काठ्यांच्या लांबीइतका उंच. दुसरा वादकाच्या उजव्या खांद्याच्या मागून स्नेअरकडे पाहणारा, तोही स्नेअरपासून तितक्याच अंतरावर. दोन्ही माइक बास ड्रमपासूनही समान अंतरावर येतील असे थोडे मागेपुढे करायचे. अंतर मोजायला पोती शिवण्याची सुतळी उत्तम. एक टोक स्नेअरच्या मध्यावर, दुसरे माइकच्या तोंडाशी. तीच सुतळी दुसऱ्या माइकला लावून पाहायची. या रचनेत डावे-उजवे असा प्रशस्त आवाज मिळतो, ऐकणाऱ्याला झांजा आपापल्या जागी दिसतात.

दुसरा मार्ग म्हणजे एक माइक खांद्यावरून सर्व सेट ऐकणारा आणि एक बास ड्रमसमोर. यात डावे-उजवे जाते, पण पायाचा ठोका ठाम मिळतो.

तिसरे इनपुट असते तर दोन्ही साधले असते. चौथे असते तर स्नेअरलाही स्वतंत्र माइक मिळाला असता. अँडी जॉन्स यांचे थोरले बंधू ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी मोजक्या तीन-चार माइकांचीच आहे. आमच्यापुढे मात्र काय सोडायचे हा प्रश्न होता. पुतण्याच्या तिन्ही रचनांत हात आणि पाय यांची गुंफण हाच गाभा होता, आणि परीक्षक बहुधा संगणकावर ऐकणार. त्याने डावे-उजवे सोडले आणि पाय ठेवला. निर्णय त्याचा होता. मला तो पटला.

खांद्यावरचा माइक होता कंडेन्सर जातीचा. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, ते बटण चालू करायला नवशिके हमखास विसरतात. बास ड्रमसाठी मंडळात भाषणाला वापरतो तोच साधा डायनॅमिक माइक घेतला आणि पुढच्या बाजूच्या छिद्रापासून वीतभर अंतरावर ठेवला. पहिल्या मुद्रणात दोन्ही माइक वेगवेगळे ऐकले तर उत्तम, एकत्र ऐकले की ढोल पोकळ! पुतण्या गोंधळला. हे का होते ते व्यापाऱ्याच्या मुलाला समजावणे सोपे होते.

आवाज म्हणजे हवेचे पुढे-मागे ढकलले जाणे. पुढे ढकलले ते जमा, मागे ओढले ते नावे असे समजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण ३४ सेंटीमीटर. ढोलाचा ठोका समोरच्या माइकपाशी लगेच पोहोचतो, खांद्यावरच्या माइकपाशी थोडा उशिरा. एका वहीत ती रक्कम जमा पडत असताना दुसऱ्या वहीत त्याच क्षणी नावे पडत असली, तर दोन्ही वह्यांची बेरीज करताना बाकी शून्याकडे जाते. उदाहरणार्थ, दोन माइकांच्या अंतरात ८५ सेंटीमीटरच्या आसपास फरक असला तर २०० हर्ट्झच्या जवळचा स्वर एकमेकांना खोडतो, आणि स्नेअरचा भरीवपणा बराचसा तेथेच असतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असून एकत्र केल्यावर मालच दिसत नाही!

उपाय दोन. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मार्गिकेची दिशा उलटी करण्याचे बटण असते. म्हणजे त्या वहीतील जमेचे नावे आणि नावेचे जमा. ते दाबून कोणत्या स्थितीत ढोल अधिक भरतो हे कानाने ठरवायचे. एवढ्याने न भागल्यास माइक चार-चार बोटे सरकवून पुन्हा ऐकायचे. आम्ही खांद्यावरचा माइक तीन वेळा हलविला. तिसऱ्या वेळी पुतण्याने मान वर केली, तेव्हा मला विचारावे लागले नाही.

आवाजाची पातळी ठेवतानाही व्यापारी सावधपणा हवा. डिजिटल मापात शून्य ही कमाल मर्यादा. तिच्यावर गेलेला ठोका फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. सर्वांत जोरदार ठोका उणे १० ते १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच खुंटी उघडावी. मुद्रण २४ बिटांवर ठेवले तर मागाहून आवाज वाढविल्याने काही बिघडत नाही. तालमीत वादक नेहमी हळू वाजवितो आणि खऱ्या वादनात जोर चढतो, हेही धरून चालावे.

वादकाचा हात हाच मिक्सर

एवढे करूनही पहिल्या आठवड्यातील मुद्रणात झांजा फार वर येत होत्या. आठ माइक असते तर त्या नंतर खाली घेता आल्या असत्या. येथे ते शक्य नव्हते. शेवटी पुतण्याने झांजा थोड्या उंच केल्या आणि त्यांवर हात हलका ठेवायला सुरुवात केली. स्नेअर व पाय ठाम ठेवले. दोन दिवस त्याचे वादन बिघडले. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच ऐकू आले की गेली तीन वर्षे आपण झांजा उगाच जोरात मारीत होतो. त्याच्या शिक्षकांनी हे त्याला अनेकदा सांगितले होते म्हणे. यंत्र नंतर सांभाळून घेणार नाही हे कळल्यावरच ते हाताला पटले. दोन इनपुटांचा मला दिसलेला खरा लाभ हाच.

त्याच आठवड्यात त्याने ड्रमवरचे पडदे नव्याने जुळविले आणि करकरणाऱ्या पेडलला तेल दिले. बास ड्रममध्ये एक जुनी उशी ठेवली, त्यामुळे घुमारा आटोक्यात आला. ज्या गोष्टी आपण मुद्रणानंतर दुरुस्त करण्यासाठी ठेवतो, त्यातील बहुतेक मुद्रणापूर्वी पंधरा मिनिटांत होतात.

घरच्यांसाठी काही सूचना

ड्रमचा आवाज वादकाच्या कानाशी १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. कामाच्या जागेसाठीचे प्रचलित शास्त्रीय मान ८५ डेसिबलला आठ तास असे आहे. दर तीन डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. मुलांना कानांत बोळे किंवा कानांवर बंद टोपणे घालूनच वाजवू द्यावे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरविणे हे नियमाहूनही उपयोगी पडते. आमच्या घरात मोंढ्यातील लिलावाची वेळ आणि आजींच्या सामायिकाची ४८ मिनिटे सोडून उरलेला वेळ पुतण्याचा, असे ठरले.

आजींनी पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल : "यावर चामडे आहे का?" तबला, ढोलकी यांवर ते असते. ड्रम सेटवर पूर्वी वासराचे कातडे ताणीत. १९५७ च्या सुमारास पॉलिएस्टरचे पडदे बाजारात आले आणि आज सर्वसाधारण सेटवर तेच असतात. स्नेअरखालच्या तारा धातूच्या, काठ्या लाकडाच्या. बाँगो, काँगो अशा वाद्यांवर मात्र कातडे असू शकते, तेव्हा विकत घेताना विचारून घ्यावे.

मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही खरी परीक्षा! लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवावा, म्हणजे विजेच्या जोडणीतून येणारी घरघर टळते. आणि इंटरफेस विकत घ्यायचाच असेल तर मुलाने आधी दोन इनपुटांत निदान एक रचना ऐकण्याजोगी मुद्रित करून दाखवावी. मग चार घ्यायची की आठ, हे त्याचे त्यालाच नेमके सांगता येईल.

शेवटचा आठवडा

पंधराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गोदामात दुसऱ्या रचनेचे मुद्रण करीत होतो. पेढीवरच्या गाद्या कोठे गेल्या हे पाहायला बंधू मागे आले. मी खुणेनेच त्यांना थांबण्यास सांगितले. ते एका पोत्यावर बसले. रचना साडेचार मिनिटांची होती. इतका वेळ मुलाचे वादन समोर बसून त्यांनी पूर्वी कधी ऐकले असेल असे मला वाटत नाही.

वादन संपल्यावर पुतण्याने मुद्रण लावले. बंधू ऐकत राहिले. पोती थप्पीला लागताना नुसत्या आवाजावरून संख्या मोजण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे; एक पोते चुकले तरी त्यांना पाठमोरे बसून कळते. मुद्रण संपले तेव्हा ते म्हणाले, "शेवटाकडे तू घाई करतोस."

पुतण्याने संगणकावर मोजून पाहिले. सुरुवातीला मिनिटाला ९६ मात्रा होत्या, शेवटी १०१. तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "परीक्षकांच्या लक्षातही येणार नाही." पुतण्याने मान हलविली आणि ते मुद्रण पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी ट्रकचा भोंगा आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वीज गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी बंधूंनी पेढीवरून वर निरोप पाठविला, "आज किती वाजता वाजवणार ते सांग. तेवढा वेळ मागच्या दाराने माल उतरवू नका असे हमालांना सांगून ठेवतो."

त्या संध्याकाळी पहिल्याच प्रयत्नात रचना साधली. तिन्ही मुद्रणे मुदतीच्या चार दिवस आधी रवाना झाली. गाद्या पेढीवर परत गेल्या. त्यांच्या कडांना हळदीचा पिवळा रंग लागला आहे आणि बंधूंनी अद्याप अभ्रे धुवायला टाकलेले नाहीत.